‘पुरुष’ लिहावे

इंदूरच्या राजवाड्याकडून नदीच्या दिशेने निघाले की कृष्णपुऱ्याचा पूल लागतो. पुलालगत, कान्ह नदीच्या काठावर, होळकरांच्या छत्र्या उभ्या आहेत. एक कृष्णाबाईंची, तिसऱ्या मल्हाररावांच्या या मातोश्री. शेजारी दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव यांच्या छत्र्या. कोरीव कामाची छायाचित्रे काढणाऱ्यांची इथे वर्दळ असते. मला मात्र या दोन राजांची नावे वेगळ्या कारणासाठी आठवतात. १८८१ साली हिंदुस्थानभर एकाच रात्री माणसे मोजली गेली, तेव्हा इंदूरच्या गादीवर तुकोजीराव होते. १८९१ आणि १९०१ च्या मोजणीच्या वेळी शिवाजीराव होते. होळकरांच्या प्रजेतले प्रत्येक माणूस इंग्रजी पद्धतीच्या तक्त्यात ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ म्हणून पहिल्यांदा लिहिले गेले ते या दोघांच्या कारकिर्दीत.

या दोहोंत न मावणारी माणसे तेव्हाही होती. आज छत्र्यांपासून जवळच, नंदलालपुऱ्यात, किन्नरांचा, म्हणजे हिजड्यांचा, डेरा आहे. अशा माणसांचे त्या तक्त्यात काय झाले, ही हकिकत मला सांगायची आहे. तिचा गाभा एवढाच की जनगणनेतला सगळ्यांत सोपा वाटणारा हा प्रश्न सव्वाशे वर्षे कोणाला विचारलाच गेला नाही. समोरच्याने पाहिले आणि लिहिले.

त्या काळची मोजणी म्हणजे एक मोठी मोहीम असे. आधी काही महिने घरांवर क्रमांक टाकले जात. मग गणक घरोघर जाऊन काळ्या शाईने प्राथमिक नोंद करीत. शेवटी ठरलेल्या रात्री तोच गणक दिवा घेऊन पुन्हा त्याच घरांवरून फिरे. मधल्या काळात कोणी मेले असेल, जन्मले असेल, पाहुणे आले असतील, तर तेवढी दुरुस्ती लाल शाईने करी. १८८१ ची ही रात्र १७ फेब्रुवारीची, १८९१ ची २६ फेब्रुवारीची, १९०१ ची १ मार्चची. १९०१ साली इंदूर शहराची वस्ती रेसिडेन्सीच्या हद्दीसह ८६,६८६ भरली. संस्थानची लोकसंख्या दहा वर्षांत १०,९९,९९० वरून ८,५०,६९० वर आली होती; मध्ये छप्पन्याचा दुष्काळ येऊन गेला होता. माळव्यातल्या घराघरांत त्या दशकात काय घडले असेल, ते या दोन आकड्यांतली दरी सांगते. आकड्यांना कोरडे म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

मोजणीची भीतीही होती. शेजारच्या मेवाडात १८८१ साली भिल्लांनी उठाव केला, त्याच्या कारणांत शिरगणती हे एक कारण होते. कर बसणार, माणसे काबूलच्या लढाईवर नेणार, जाड बायका जाड पुरुषांना आणि रोड बायका रोड पुरुषांना वाटून देणार, असल्या वावड्या डोंगरांत पसरल्या होत्या. शेवटी तडजोड होऊन माणूस न् माणूस मोजण्याचा आग्रह सोडावा लागला. सरकार आपल्या घरात येऊन बाई कोण, बाप्या कोण हे कशासाठी लिहून घेते, हा प्रश्न त्या भिल्लांना पडला. तो रास्त होता. उत्तर त्यांना कोणी दिले नाही.

सरकारच्या दृष्टीने मात्र हा रकाना फार महत्त्वाचा होता. उत्तर हिंदुस्थानात मुली जन्मतःच मारल्या जातात, म्हणून १८७० साली त्याविरुद्ध कायदा झाला होता, आणि मुलींची घट शोधायची तर मुली मोजायला हव्या होत्या. पण गणक माजघरात जाऊ शकत नव्हता. तो ओटीवर बसे आणि घरचा कर्ता पुरुष सांगेल ते लिहून घेई. बायकांची नावे परक्यासमोर घ्यायची नाहीत अशी रीत असलेल्या घरांसाठी सूचनांत सोय केलेली होती: नाव सांगायला हरकत असेल तर नावाच्या जागी नुसते ‘स्त्री’ लिहावे. आणि पुढच्या रकान्यात, नावाच्या जागी ते आले असले तरी, पुन्हा ‘स्त्री’ लिहावे. कागदावर त्या बाईला लिंग दोनदा मिळाले आणि नाव एकदाही नाही.

त्याच सूचनांत आणखी एक ओळ असे. हिजडे आणि उभयलिंगी शरीराचे लोक यांची नोंद ‘पुरुष’ म्हणून करावी. कारण दिलेले नसे. नाव काय, पोशाख कोणता, ते माणूस स्वतःला काय समजते, हे विचारायची गरजच सूचना लिहिणाऱ्यांना वाटली नाही. घरातल्या बाईला निदान कर्त्याने तरी बाई म्हणून सांगितले होते. इथे माणूस समोर उभे असताना, त्याच्या तोंडून शब्द निघायच्या आत, उत्तर ठरलेले होते. १९०१ पासून कुटुंबाच्या यादीवरून दर माणसामागे एक सुटी चिठ्ठी तयार करायची पद्धत आली. धर्माप्रमाणे चिठ्ठीचा कागद वेगळ्या रंगाचा असे. कारकून त्या चिठ्ठ्यांच्या चळती लावीत आणि चळती मोजून तक्ते भरीत. धर्मासाठी अनेक रंग होते. स्त्री-पुरुषांच्या ढिगांत तिसरा ढीग नव्हता.

दुसऱ्या एका तक्त्यात मात्र हीच माणसे दिसतात. जातींचे तक्ते करताना इंग्रज अधिकाऱ्यांनी काही प्रांतांत ‘हिजडा’ ही एक जात धरली. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर लिहिलेल्या १९१६ च्या ग्रंथात ‘हिजडा, खसुआ’ असे स्वतंत्र टिपण आहे. कुणबी, कोष्टी, कुंभार यांच्यासारखीच ही एक जात, असा त्या नोंदीचा थाट. जन्माने जिच्यात कोणी येत नाही आणि जिच्यात वंश चालत नाही, अशा समाजाला जात म्हणायचे आणि त्याच माणसांना शेजारच्या तक्त्यात पुरुषांत मोजायचे, ही विसंगती त्या काळच्या कोणाला फारशी खुपलेली दिसत नाही. पण त्या जातीच्या तक्त्यामुळे निदान काही खूण तरी उरली. तिचे पुढे काय झाले ते येईलच.

त्याआधी थोडे मागे जायला हवे, कारण राज्यसत्तेने या लोकांना कागदावर आणायची ही पहिली वेळ नव्हती. मराठी राज्यात हिजड्यांना कागदपत्र होते आणि ते हक्काचे होते. पश्चिम हिंदुस्थानात काहींना थोडी जमीन होती, काहींना ठरावीक गावांतून दाणे आणि रोख गोळा करायचा वंशपरंपरागत हक्क होता, आणि त्याला सरकारी सनदांचा आधार होता. ‘वंशपरंपरागत’ इथे गुरूकडून चेल्याकडे. ज्याला मूल होणार नाही त्याचाही वारस असू शकतो, हे त्या दप्तराला मान्य होते. मराठी राज्याला फार उदार ठरवायचा माझा हेतू नाही. त्या समाजात जातीची उतरंड पक्की होती आणि हिजड्यांची जागा त्या उतरंडीत कुठेतरी ठरवून दिलेली होती. पण जागा होती, आणि ती कागदावर होती.

१८१८ नंतर मुंबई सरकारने इनामांची तपासणी सुरू केली, तेव्हा हे हक्क अडचणीचे वाटू लागले. हा समाज सभ्यतेला धरून नाही, मग सरकारने त्याला पोसावे कशासाठी, असा प्रश्न अधिकारी विचारू लागले. भीक मागायचा हक्क सरकारने पाळायचा की नाही यावर लिखापढी झाली. रक्ताचा वारस नाही, म्हणून हक्क पुढे चालणार नाही, हाही मुद्दा आला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई इलाख्यात या सनदांचा आधार काढून घेतला गेला. जमीन गेली, दाण्याचा हक्क गेला, आणि हक्काने मागणारे लोक कायद्याच्या नजरेत नुसते मागते झाले.

उत्तरेत याहून वाईट घडले. १८५२ साली मैनपुरी जिल्ह्यात भूरा नावाच्या एका हिजड्याचा खून झाला. त्या खटल्यातून न्यायाधीशांना आणि अधिकाऱ्यांना हा सगळा समाजच गुन्हेगार वाटू लागला. पुढे १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला. अनेक जमातींच्या कपाळी जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारणारा हाच तो कायदा. त्याच्या दुसऱ्या भागाची आठवण आपल्याकडे कमी ठेवली जाते. तो भाग हिजड्यांसाठी होता. वायव्य प्रांतात आणि लगतच्या मुलखात पोलिसांनी संशयित हिजड्यांची नोंदवही ठेवायची, त्यांची मालमत्ता लिहून घ्यायची. नोंद झालेल्याने रस्त्यावर बाईच्या वेषात दिसायचे नाही, नाचगाणे करायचे नाही. केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद. सोळा वर्षांखालचा मुलगा जवळ ठेवायचा नाही. दत्तक घ्यायचे नाही, मृत्युपत्र करायचे नाही. म्हणजे चेल्याच्या नावे काही ठेवायचेच नाही. हिजड्यांचा समाज हळूहळू संपून जावा हा हेतू लपवलेला नव्हता.

१८७१-७२ हाच हिंदुस्थानातल्या पहिल्या मोठ्या जनगणनेचाही काळ. एकाच सरकारने एकाच सुमारास दोन मोजण्या चालवल्या. पोलिसांच्या नोंदवहीत हिजडा फार बारकाईने दिसायचा: कुठे राहतो, काय नेसतो, घरात कोण आहे. जनगणनेच्या तक्त्यात तो दिसायचाच नाही. पाळत ठेवायची तेव्हा तो वेगळा होता आणि प्रजेत धरायचा तेव्हा पुरुष. इंदूर संस्थानी मुलूख असल्याने १८७१ चा तो दुसरा भाग कृष्णपुऱ्याला लागू नव्हता. जनगणनेच्या सूचना मात्र संस्थानांनाही त्याच होत्या.

हा दुसरा भाग १९११ च्या नव्या कायद्यात वगळला गेला. पण त्याची सावली लगेच सरली नाही. निजामाच्या राज्यात १३२९ फसलीत, म्हणजे १९१९ साली, त्याच धर्तीचा कायदा झाला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हा कायदा तेलंगणात कागदावर पुढे शंभर वर्षे टिकला. तिथल्या उच्च न्यायालयाने तो २०२३ च्या जुलैत घटनाबाह्य ठरवला.

स्वातंत्र्य आले. १९४८ साली होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले, १९५६ साली मध्य प्रदेश झाला. जनगणनेने नव्या राज्यघटनेच्या देशात एक मोठा बदल केला: १९५१ पासून अनुसूचित जाती-जमाती सोडून इतर जातींची मोजणी थांबवली. या निर्णयामागची भूमिका मला समजते. पण त्याचा एक परिणाम कोणाच्या लक्षात आला नाही. जातीच्या तक्त्यात ‘हिजडा’ म्हणून जी थोडीफार खूण होती, तीही पुसली गेली. लिंगाच्या रकान्यातली जुनी ओळ मात्र तशीच राहिली. १९७१ च्या गणकाला सांगितले होते की पुरुषासाठी आणि स्त्रीसाठी एकेक इंग्रजी अक्षर लिहावे. हिजडे आणि उभयलिंगी व्यक्तींसाठीही पुरुषाचेच अक्षर लिहावे. पुढे अक्षरांऐवजी अंक आले, तरी नियम २००१ पर्यंत तोच. साम्राज्याने तिथे ‘पुरुष’ लिहिले आणि प्रजासत्ताकाने पन्नास वर्षे त्याची नक्कल केली. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. मागच्या वेळची पुस्तिका समोर ठेवून पुढची लिहिली की असे होते, आणि म्हणूनच हे मला जास्त बोचते.

दरम्यान याच मध्य प्रदेशात या रकान्याने एका निवडून आलेल्या महापौराची खुर्ची घेतली. विसावे शतक संपता संपता शहडोल जिल्ह्यातल्या सोहागपूर मतदारसंघातून शबनम मौसी आमदार झाल्या. देशातल्या पहिल्या किन्नर आमदार. त्याच सुमारास कटनीच्या लोकांनी कमला जान यांना महापौर केले. कटनीचे महापौरपद स्त्रियांसाठी राखीव होते. कमला जान यांच्या निवडीला न्यायालयात आव्हान दिले गेले, आणि २००२ साली न्यायालयाने ती रद्द केली: या व्यक्ती पुरुष आहेत, स्त्रियांसाठीच्या जागेवर त्यांना उभे राहता येत नाही. २००३ साली उच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. जबलपूरच्या उच्च न्यायालयात हा खटला चालला, त्याच्या एक-दोन वर्षे आधी, २००१ च्या जनगणनेत, गणकांनी देशभर त्याच समजुतीने कमला जान यांच्यासारख्यांपुढे पुरुषांचा अंक लिहिला होता. कटनीच्या मतदारांना त्या कोण आहेत हे चांगले ठाऊक होते आणि त्यांनी त्यांनाच निवडले होते. रकाना मतदारांपेक्षा मोठा ठरला.

२००९ साली निवडणूक आयोगाने मतदार यादीत ‘इतर’ ही नोंद करायची मुभा दिली. मग २०११ ची जनगणना आली आणि पहिल्यांदाच लिंगाच्या प्रश्नापुढे तीन अंक छापले गेले: पुरुष १, स्त्री २, इतर ३. त्याआधीच्या चौदा मोजण्यांत जे झाले नव्हते ते झाले. गणकांना सांगितले होते की कोणी स्वतःहून तसे सांगितले तर ३ लिहावा. सांगणारे निघाले. देशात ४,८७,८०३. उत्तर प्रदेशात १,३७,४६५, महाराष्ट्रात ४०,८९१, मध्य प्रदेशात २९,५९७. हे आकडे कमी आहेत असे कार्यकर्ते पहिल्या दिवसापासून म्हणत आले, आणि त्यांचे खरे असणार. कारण दार उघडणारा अजूनही कर्ता पुरुषच असतो. घरातल्या ज्या मुलाला बाप मुलगा मानतो, तो स्वतःला काय मानतो हे बाप गणकाला सांगत नाही. बहुतेक वेळा त्याला ते ठाऊकच नसते.

त्या आकड्यांतला एक मला सोडत नाही. ४,८७,८०३ पैकी ५४,८५४ मुले सहा वर्षांपर्यंतची होती. त्या वयाच्या मुलाने आपली ओळख गणकाला सांगितली असेल हे शक्य नाही. मग ३ कोणी लिहायला लावला? काही घरांत मूल आंतरलिंगी शरीर घेऊन जन्मले असेल आणि आईने, शेजारी ऐकतील याची पर्वा न करता, ते खरे सांगितले असेल. काही ठिकाणी गणकाचा अंक चुकला असेल. यात किती हे आणि किती ते, आकडा सांगत नाही. पण ज्या कोणा आईबापांनी तसे सांगितले, त्यांनी ते दारात उभ्या असलेल्या सरकारी माणसाला सांगितले, आणि त्या मुलाचे पुढे शाळेत, दवाखान्यात, लग्नाच्या वयात काय होणार याची जाणीव ठेवून सांगितले. एवढे धैर्य कागदावर उतरले आणि त्याच्याबद्दल फारसे कोणी बोलले नाही, याचे मला वाईट वाटते.

आणि मग तक्ते छापले गेले. देशाची लोकसंख्या १,२१,०८,५४,९७७, पुरुष ६२,३२,७०,२५८, स्त्रिया ५८,७५,८४,७१९. शेवटचे दोन आकडे मिळवून पाहा. बेरीज पहिल्या आकड्याइतकी येते, एकाचाही फरक नाही. ३ हा अंक सांगितलेले पावणेपाच लाखांहून जास्त लोक कुठे गेले? मुख्य तक्त्यांत त्यांना पुरुषांत मिळवले होते. त्यांचा आकडा स्वतंत्र तक्त्यात वेगळा मिळतो. पण जिल्ह्याचा, तालुक्याचा, शहराचा जो तक्ता योजना आखणारे आणि पत्रकार रोज उघडतात, त्यात ते पुन्हा ‘पुरुष’ झाले. विचारायला सुरुवात झाली, पण उत्तर छापताना जुनीच पुस्तिका कामी आली.

२०१४ च्या १५ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात निकाल दिला. न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि ए. के. सिक्री यांचे ते खंडपीठ होते. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी, ज्यांचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ हे पुस्तक दोन वर्षांपूर्वी मराठीत आले होते, त्या खटल्यात सामील होत्या. आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे ठरवण्याचा हक्क त्या व्यक्तीचा, असे न्यायालयाने सांगितले. तृतीयपंथीयांसाठीच्या २०१९ च्या कायद्याने त्या हक्काला जिल्हादंडाधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राची जोड लावली, आणि त्यावर मोर्चे निघाले. पाहणारा आणि लिहिणारा पुन्हा दुसराच होतो, ही आंदोलकांची तक्रार होती.

२०१४ च्या निकालाने काय बदलले ते जळगावात दिसले.  जळगावजवळच्या भादली बुद्रुक गावात २०२० च्या अखेरीस अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीसाठी स्त्रियांच्या राखीव जागेतून अर्ज भरला. अर्ज फेटाळला गेला, कारण यादीत त्यांच्यापुढे ‘इतर’ होते. कटनीत पुरुष म्हणून नाकारले होते, इथे इतर म्हणून. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. जानेवारी २०२१ च्या पहिल्याच दिवसांत न्यायालयाने त्यांचे स्वतःला स्त्री म्हणून सांगणे ग्राह्य धरले आणि अर्ज स्वीकारायला लावला. त्या निवडूनही आल्या. कमला जान यांच्या निकालापासून अंजली पाटील यांच्या निकालापर्यंत वीस वर्षांहून कमी काळ गेला.

बाहेर पाहिले तर विचारण्याच्या रीती किती वेगवेगळ्या आहेत ते कळते. नेपाळने २०११ च्याच जनगणनेत तिसरा पर्याय दिला. २०२१ साली तिथे २,९२८ माणसे त्यात आली. पाकिस्तानात २०१७ च्या प्राथमिक आकड्यांत १०,४१८ आणि बांगलादेशात २०२२ च्या प्राथमिक आकड्यांत १२,६२९. ज्या देशांत हिजड्यांचे गल्लोगल्ली गट आहेत तिथे हे आकडे इतके लहान असावेत, यात दोष माणसांचा नाही, दारातल्या संभाषणाचा आहे. इंग्लंड आणि वेल्सने २०२१ साली वेगळी वाट धरली. तिथे दोन प्रश्न होते. एक लिंगाचा, आणि सोळा वर्षांवरच्यांना, मनात असेल तरच उत्तर द्यावे असा दुसरा, की तुमची ओळख जन्मनोंदीतल्या लिंगाहून वेगळी आहे का. सुमारे २,६२,००० लोकांनी वेगळी आहे असे सांगितले. मग लक्षात आले की इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा वस्त्यांत हे प्रमाण चमत्कारिक जास्त आहे. प्रश्नाची वाक्यरचनाच अनेकांना कळली नसावी. २०२४ साली तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने त्या आकड्यांचा दर्जा स्वतःहून उतरवला. कॅनडाने जन्माच्या वेळचे लिंग आणि आजची ओळख असे दोन साधे प्रश्न शेजारी शेजारी ठेवले, आणि १,००,८१५ चा आकडा फारशा वादाविना हाती आला. प्रश्न लहान ठेवावा आणि माणसाने तो स्वतः वाचावा, एवढे यातून मला घेण्यासारखे वाटते.

भारताच्या पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ची मध्यरात्र ठरवली गेली आहे. तीत जाती पुन्हा मोजायच्या आहेत, नोंद मोबाइलवर व्हायची आहे, आणि कुटुंबाला आपली माहिती स्वतः भरायची मुभा आहे. स्वतः भरायची मुभा मला फार मोलाची वाटते, पण अर्ज कुटुंबाचा असतो आणि भरणारे बोट एकाचेच. ज्या घरात मुलाने आपल्याबद्दल अजून काही सांगितलेले नाही, तिथे फोन आला काय आणि गणक आला काय, उत्तर बापाचेच राहील. निदान प्रौढांना आपल्यापुरता हा एक प्रश्न वेगळा भरता यावा, आणि आलेली उत्तरे गावपातळीपर्यंतच्या तक्त्यांत वेगळी छापली जावीत, ही मागणी अवास्तव नाही.

डेऱ्यात मात्र गोष्ट वेगळी आहे. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब; नाते असो वा नसो. म्हणजे नंदलालपुऱ्यासारखा डेरा हे जनगणनेच्या अर्थाने कुटुंब आहे आणि गुरू ही कुटुंबप्रमुख. २०११ च्या तक्त्यात लिंगाचा प्रश्न तिसरा होता. पहिला नावाचा, आणि दुसरा: कुटुंबप्रमुखाशी नाते. पत्नी, मुलगा, सून, नातू, रक्ताची आणि लग्नाची सगळी नाती तिथे बसतात. तिसऱ्या प्रश्नासाठी लढून तिसरा अंक मिळवला, पण त्याआधी येणाऱ्या दुसऱ्या प्रश्नात गुरूच्या चेल्याला परक्यांच्या गटात जावे लागते. इनामाची सनद काढून घेताना याच नात्याला वारसा नाकारला होता, आणि १८७१ च्या कायद्याने याच नात्याचे मृत्युपत्र बेकायदा केले होते. डेऱ्यात जाणाऱ्या गणकाने त्या जागी ‘चेला’ असे पूर्ण लिहावे, आणि मोजणाऱ्याने त्याला स्वतंत्र अंक द्यावा. कोणाचे कोण आहे हे डेऱ्यात विचारले तर लगेच सांगतात. तिथे हा प्रश्न अवघड नाही.